मत्स्यगंधेची होडी

श्रोतेहो, जालन्याच्या माणसाने होडीवर बोलावे हे ऐकून तुमच्यापैकी काही जणांना हसू येईल, आणि ते साहजिक आहे. आमचा जिल्हा मोसंबीसाठी, बियाण्यांसाठी आणि लोखंडाच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. पाण्याच्या बाबतीत म्हणाल तर टँकरसाठीच अधिक. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. तरीसुद्धा अंबड, घनसावंगी आणि परतूर या तीन तालुक्यांच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते, उत्तरेला पूर्णा आहे, मधून दुधना आणि कुंडलिका जातात. नदी आली की मासा आला, मासा आला की गळ आला आणि गळ आला की त्याला लावायचे आमिष आले. या आमिषाने होडीत जी घाण होते, तिच्याविषयी आज मला बोलायचे आहे. विषय किळसवाणा वाटेल. पण इतिहासाच्या पुष्कळ गोष्टी अशा किळसवाण्या कोपऱ्यांतच दडलेल्या असतात.

माझ्या मनात हा विषय शिरला तो पुस्तकातून नव्हे. माझे आजोळ अंबड तालुक्यात गोदाकाठी. मी नववीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत तिथे गेलो होतो. नदी आटून डोहाडोहांत उरली होती. पण गावापुढचा डोह मोठा, आणि पलीकडच्या गावाला जायला भोईमामांची लाकडी नाव होती. बाजारच्या दिवशी ती माणसांची ने-आण करी, एरवी तिच्यातूनच मासेमारी चाले. मी आणि माझा मामेभाऊ, आम्ही दोघांनी एका संध्याकाळी मामांना विचारून ती नाव घेतली. मरळ धरायची होती. मरळ हा मासा शिकारी, त्याला कणकेची गोळी चालत नाही. म्हणून एका पत्र्याच्या डब्यात बारीक मासळी आणि बोकडाच्या आतड्याचे तुकडे भरून घेतले होते. मरळ काही गळाला लागली नाही. अंधार पडला, आम्ही घाईने घरी आलो आणि तो डबा नावेच्या पुढच्या फळीखाली तसाच राहिला. कलंडलेला, झाकण नसलेला, वैशाखाच्या उन्हात.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. नाव माणसांनी भरली. एक बाळंतपणासाठी माहेरी निघालेली बाई होती, तिला मध्यावरच भडभडून आले. लोकांनी पदर, उपरणी नाकाला लावली आणि जो तो भोईमामांकडे पाहून म्हणू लागला, "ह्यांच्या नावंत वास यायचाच! ह्यांचा धंदाच तसला." मी काठावर उभा राहून ते ऐकत होतो. मामांना डबा सापडला होता, कोणाचा तो त्यांना ठाऊक होते. पण चार माणसांत त्यांनी आमचे नाव घेतले नाही. दुपारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावले आणि नाव धुवायला लावली. ती दुपार माझ्या लक्षात राहिली. पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, तेव्हा एक प्रश्न वारंवार मनात येऊ लागला: वास कोणाचा होता, आणि तो लागला कोणाला?

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात थेट महाभारतापासून करावी लागते. आदिपर्वातली सत्यवती आठवा. यमुनेवर नाव चालवणारी, दाशराजाच्या घरी वाढलेली मुलगी. तिच्या अंगाला माशाचा वास येई, म्हणून लोक तिला मत्स्यगंधा म्हणत. पराशर ऋषी तिच्या नावेत बसले आणि त्यांच्या वराने तो वास गेला. इतकेच नव्हे तर तिचा सुगंध योजनभर दरवळू लागला आणि ती योजनगंधा झाली. पुढे ती हस्तिनापूरची राणी झाली. व्यासांची तर ती माताच. मराठी रसिकांना ही कथा वसंत कानेटकरांच्या १९६४ सालच्या 'मत्स्यगंधा' नाटकामुळे विशेष परिचयाची आहे. कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वास जायला ऋषीचा वर लागला. म्हणजे कथा रचणाऱ्याच्या मनात असे पक्के होते की हा वास धुण्याने जाणारा नाही, तो जन्माबरोबरच आलेला आहे. नावेला लागलेली घाण धुता येते. जातीला चिकटवलेला वास मात्र धुता येत नाही, असा हा समज. आमच्या डोहावरच्या बाजारकरूंचे बोलणे याहून काही वेगळे नव्हते.

आता कथा बाजूला ठेवून व्यवहाराच्या ग्रंथांकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. मासे धरणाऱ्यांनी नावेच्या भाड्यापोटी मिळालेल्या मासळीचा सहावा हिस्सा द्यावा, असा नियम तिथे सांगितला आहे. त्याच ग्रंथात नगराच्या व्यवस्थेसंबंधीही नियम आहेत. रस्त्यावर धूळ-केर टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग दंड, चिखल-पाणी तुंबवणाऱ्याला त्याहून अधिक. म्हणजे रस्त्याच्या घाणीचे मोजमाप राज्याने केले होते, आणि नावेच्या उत्पन्नाचेही. नावेच्या घाणीचा भार मात्र नावाड्यावरच सोडून दिलेला दिसतो.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही मासळीचा उल्लेख येतो. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवलेल्या या लेखात काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. त्यातच एक लहानसे वाक्य आहे. एका जिवावर दुसरा जीव पोसू नये, अशा अर्थाचे. आमिषाचा शब्द त्यात नाही. पण जिवंत मासा गळाला लावून मोठा मासा धरणाऱ्याला ते वाक्य विचार करायला लावते.

आपल्या मुलखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ यानंतर येतो. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य बाराव्या शतकात मराठवाड्यावरही होते. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्याने इ. स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर प्रकरणे, राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून गाण्यापर्यंत सर्व काही. त्यात 'मत्स्यविनोद' या नावाचे एक प्रकरण आहे. राजाने गळ टाकून मासे कसे धरावेत, याचे ते शास्त्रच म्हणा ना! मासे कोणकोणते, समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खायला आवडते, दोरी कशी, गळ कसा, हे सारे त्यात येते. मासा पाहून आमिष निवडायचे, पेंड आणि पिठाच्या गोळ्या कोणाला, मांसाचे तुकडे कोणाला, हेही त्यात आहे. त्याच ग्रंथाच्या स्वयंपाकाच्या भागात माशाच्या तुकड्यांना तेल-मीठ चोळून त्यांचा वास काढावा आणि हळदीच्या पाण्याने धुवावेत, अशी रीत दिली आहे. हे वाचले की नऊशे वर्षांपूर्वीच्या मुदपाकखान्यातली माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. माशाच्या वासावर उपाय काय, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

पण राजाची ही करमणूक संपल्यावर उरलेली पेंड, सांडलेले पीठ, नासलेले मांस कोणी उचलले, याविषयी या प्रकरणात माझ्या वाचनात काही आले नाही. राजाने फक्त गळ टाकला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम करणारा माणूस त्याच्या शेजारीच उभा असला पाहिजे. तो माणूस आमच्या भोईमामांचाच कोणी पूर्वज असावा, असे मला उगीचच वाटत राहते.

खुद्द 'आमिष' या शब्दाचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणूनच शाकाहाराला निरामिष म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ गळाला लावायचे खाद्य असा झाला, आणि पुढे लालूच, प्रलोभन असाही झाला. आज वर्तमानपत्रात 'नोकरीचे आमिष दाखवून फसवणूक' असे छापून येते, तेव्हा त्यात मांस नसते आणि मासाही नसतो. हा अर्थ रुजवण्यात आपल्या संतवाङ्मयाचा मोठा वाटा असला पाहिजे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंमध्ये मासा हा एक गुरू आहे. जिभेच्या लोभाने गळाला लागतो आणि प्राणाला मुकतो, म्हणून रसना जिंकावी हे तो शिकवतो. याच स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी आपली मोठी मराठी टीका लिहिली. ती १५७३ साली काशीला पुरी झाली. एकनाथांचे उभे आयुष्य गोदावरीच्या काठी गेले. गळ, दोरी आणि आमिष त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले असणार. संतांचे लक्ष गळाला लागणाऱ्या माशाकडे, राजाचे लक्ष गळाला लागलेल्या माशाकडे. नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे लक्ष ठेवायचे ते नावाड्याने.

त्या नावाड्याकडे होते तरी काय? दख्खनच्या नद्यांवर सर्वत्र लाकडी नावा नव्हत्या. भोपळ्यांची सांगड होती, गुळाच्या काहिली होत्या, आणि वेतांच्या टोपलीला कातडे चढवून केलेल्या वाटोळ्या नावा होत्या. कानडी मुलखात त्यांना हरिगोल म्हणतात. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश याने सोळाव्या शतकात विजयनगराकडे अशा नावा पाहून वर्णन करून ठेवले आहे. १८०३ सालच्या पावसाळ्यात जनरल वेलस्लीने दख्खनच्या नद्या ओलांडण्यासाठी अशाच कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा नावा तयार करवल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातले असई हे गाव त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरच्या लढाईमुळे जगाच्या इतिहासात गेले. तिथे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती लढाई झाली. त्या दिवशी मात्र वेलस्लीला नावेची गरज पडली नाही. नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला.

या कातडी नावांचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाशी निगडित आहे. कातडे सतत ओले राहिले की कुजते. म्हणून काम झाले की नाव पाण्याबाहेर काढायची, पालथी घालायची आणि उन्हात वाळवायची, हा नियम त्या नावेच्या जन्माबरोबरच आला. नाव पालथी घातली की आतले सांडलेले सारे आपोआप बाहेर पडते. जी नाव पालथी घालता येत नाही, त्या मोठ्या नावेत खरी पंचाईत सुरू होते. फळ्यांच्या खाली, फासळ्यांच्या मधे, जिथे हात पोचत नाही तिथे रक्त, खवले आणि चिकट पाणी साचते.

ही पंचाईत काय असते ते पाहायचे तर कोकणात जायला हवे. तिथे डोल जाळ्याची मासेमारी आहे, तिला आमिष लागत नाही. परंतु घोळ, वाम, शिंगाळा असे मोठे मासे धरायला लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधून सोडतात, आणि प्रत्येक गळाला आमिषाचा एकेक तुकडा. तारली, बांगडा, माकूळ असे जे स्वस्तात मिळेल ते. किती तुकडे कापायचे, किती रक्त सांडायचे, विचार करा. शिवाय तारली आणि बांगडा हे तेलकट मासे. त्यांचे तेल लाकडात मुरते, पाय घसरतात, हातातला सुरा घसरतो. समुद्रात पाय घसरणे म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून जाणता तांडेल समुद्राचे पाणी उपसून नाव वारंवार धुऊन काढायला लावतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यात, नावा किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, घासायच्या, फटी बुजवायच्या, तेल-रंग द्यायचा आणि नारळी पौर्णिमेला पूजा करून पुन्हा दर्यावर लोटायच्या, ही जुनी रीत. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला कायद्याने बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी. पण नावेलाही त्या दोन महिन्यांत न्हाऊ-माखू मिळते.

घाण होऊच नये म्हणून जुना उपाय एकच, मीठ. आमिषाला मीठ लावले की त्यातले पाणी निघून जाते, मांस घट्ट होते, लवकर नासत नाही आणि गळावरून सुटतही नाही. पण मीठ म्हटले की आपल्या देशात राजकारण आलेच. इंग्रजी अमलात मिठावर कर होता. मासळी खारवणाऱ्यांना त्याची झळ इतकी बसली की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारलाच किनाऱ्यावर खास आवारे काढून तिथे सवलतीने मीठ द्यावे लागले. हे मीठ मोजून, पहाऱ्यात, त्या आवारातल्या मासळीपुरतेच. डब्यातल्या मूठभर आमिषासाठी कोण सवलत देणार? ज्या गरिबाला भाकरीपुरते मीठ पारखून वापरावे लागते, त्याच्या नावेत आमिष नासले तर त्याला गलिच्छ कसे म्हणावे? १९३० साली वडाळ्याला आणि शिरोड्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, आणि १९४७ साली तो कर उठला. त्या सत्याग्रहाचा आपण अनेक अंगांनी विचार करतो. नावेच्या स्वच्छतेच्या अंगानेही तो करता येतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा उपाय म्हणजे बर्फ. १८३३ साली अमेरिकेहून तळ्यातला नैसर्गिक बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आला, आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला; पण तो साहेबांच्या पेल्यासाठी. मासळीसाठी बर्फ मिळायला कारखाने निघेपर्यंत थांबावे लागले. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली सुरू झाला तो कापसासारख्या मालाच्या जहाजांसाठी. आज तिथे पहाटे जाऊन पाहा, बर्फाच्या चुऱ्याशिवाय पानही हलत नाही.

तिसरा उपाय सर्वांत चतुर. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आणि शेजारच्या मालदीवमध्ये कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिथे आमिषाची बारीक मासळी जिवंत नेतात. नावेच्या पोटात एक कप्पा केलेला असतो, त्याच्या तळाला भोके असतात, भोकांतून समुद्राचे पाणी आत येते आणि उपसून बाहेर टाकले जाते. मासळी पोहत राहते. मेलेलेच नाही, तर नासणार काय? परत येताना भोकांना बुचे मारली की झाले. नावेला मुद्दाम भोके पाडून ती स्वच्छ ठेवायची, हे धाडस दर्याशी पक्के नाते असणाऱ्यालाच सुचणार.

आमिष ही किती मोलाची वस्तू आहे, हे पाहायचे असेल तर उत्तर अमेरिकेकडे बघा. न्यूफाउंडलंड बेटाच्या विधिमंडळाने केलेला 'आमिषाचा कायदा' १८८७ साली मंजूर झाला. त्याचा रोख फ्रेंच कोळ्यांना आमिषाची मासळी मिळू नये, यावर होता. आमिष नाही तर कॉड मासा नाही, कॉड नाही तर फ्रेंचांचा व्यापार नाही, असे ते गणित. आमच्या पत्र्याच्या डब्यातल्या ऐवजावरून साम्राज्ये भांडली, असे म्हटले तरी चालेल!

आता पुन्हा त्या दुपारी डोहावर येऊ. भोईमामांनी काय करायला लावले, ते सांगतो. आम्ही उत्साहाने घरून गरम पाण्याची कळशी आणली होती. ती त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली. म्हणाले, "आधी गार पाणी मारा. गरम पाण्यानं घाण शिजती अन् लाकडाला धरती." मग नाव चौघांनी ओढून काठावर घेतली, दोन ओंडक्यांवर तिरपी केली. गार पाणी मारून, नारळाच्या शेंडीने घासून खवले आणि वाळलेले रक्त काढले. त्यानंतर चुलीची राख. फळ्यांच्या सांध्यांतून बोटाने घालून घासायची. पुन्हा पाणी. त्यानंतर चिंचेचा कोळ, जिथे जिथे वास आहे तिथे चोळायचा आणि घटकाभर ठेवायचा. पुन्हा पाणी. शेवटी नाव पालथी घालून दोन दिवस ऊन. डब्यातला ऐवज नदीत फेकायला मी निघालो, तर मामा रागावले. तो त्यांनी काठापासून दूर, पपईच्या झाडाच्या बुडाशी खड्डा करून पुरायला लावला. "ह्या डोहाचं पाणी गाव पितंय," एवढेच म्हणाले.

अनेक वर्षांनी आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या मित्राला मी हे सांगितले. तो म्हणाला, तुझे मामा शास्त्रज्ञच म्हणायचे. रक्त आणि माशाचा चिकटा ही प्रथिने. गरम पाण्याने ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि घट्ट बसतात, म्हणून आधी गार पाणी. राख अल्कधर्मी, ती तेलकटपणा सोडवते, साबणाचेच काम करते. सडक्या मासळीच्या वासात अमाइन नावाच्या द्रव्यांचा मोठा भाग असतो, विशेषतः समुद्राच्या माशांत ट्रायमेथिलअमाइनचा. ही द्रव्ये अल्कधर्मी. चिंच, लिंबू, कोकम यांच्या आंबटपणाने त्यांचा क्षार बनतो, तो उडून नाकापर्यंत येत नाही आणि पाण्याने धुतला जातो. म्हणून राख आधी, आंबट नंतर; क्रम उलटा केला तर राख वास पुन्हा मोकळा करील. माशाला आपण आमसूल किंवा लिंबू लावतो त्यामागेही हेच आहे. आणि ऊन ओल घालवते. ओल नाही तर जंतू वाढत नाहीत.

त्याने आणखी दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या आजच्या काळासाठी आहेत. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर ती वेगळी वापरावी. तिच्यात लिंबू, चिंच किंवा कुठलेही आम्ल मिसळू नये, विषारी वायू सुटतो. आणि उन्हात राहिलेले बांगडा, तारली, कुपा हे मासे आमिष म्हणून उरले तरी पुन्हा कालवणात घालू नयेत. त्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते, ते शिजवूनही जात नाही आणि माणसाला बाधते.

घाण होऊ नये म्हणून मामांचे नियम तर याहून साधे होते. लागेल तेवढेच आमिष न्यायचे. डब्याला झाकण पाहिजे आणि डबा सावलीत, ओल्या फडक्याखाली. तुकडे नावेच्या फळीवर कापायचे नाहीत, वेगळ्या पाटावर कापायचे. पाटाखाली जुने पोते अंथरायचे, म्हणजे सांडेल ते पोत्यात. सांडले की तिथल्या तिथे पाणी. वाळू द्यायचे नाही. आणि उतरताना नावेत मागे वळून एकदा पाहायचे. आम्ही फक्त हा शेवटचा नियम पाळला असता तरी पुरे होते.

मंडळी, आता ती नाव नाही. १९७६ साली जायकवाडी धरण पुरे झाले, पुढे पैठणच्या खाली जोगलादेवीसारखे बंधारे झाले, नदीचे रूप पालटले. आज तलावांवर आणि बंधाऱ्यांवर आमचे मच्छीमार थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळे टाकतात. थर्माकोलला राख लावता येत नाही आणि कातड्यासारखे ते कुजतही नाही. फुटते, आणि त्याचे कण पाण्यावर तरंगत राहतात. घाणीचे रूप बदलले. पाणी पिणारे गाव तेच आहे.

जालना शहरापुरते बोलायचे तर पाण्याचा हा इतिहास आम्ही विसरता कामा नये. मोती तलाव आणि त्यातून जमिनीखालच्या नळांनी गावच्या हौदांत खेळवलेले पाणी, ही जुनी व्यवस्था जमशेदखानाच्या नावाशी जोडली जाते. निजामी राजवटीत, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात, घाणेवाडीचा तलाव झाला. तिथून शहराला पाणी उताराने येई, विजेचा खर्च नाही. २०१२-१३च्या दुष्काळात तो तलाव कोरडा पडलेला आम्ही पाहिला, आणि त्याचा गाळ काढायला नागरिक पुढे झालेलेही पाहिले. या जलाशयाला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. ज्याने हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि घाणीचा दोष झाडणाऱ्याच्या माथी मारणाऱ्या समाजाला तोंडावर सुनावले, त्याचे नाव पिण्याच्या पाण्याच्या तळ्याला असावे, याहून उचित काय? तिथे सुटीच्या दिवशी हौसेने गळ टाकायला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो की आमिषाचा डबा आणि प्लॅस्टिकची पिशवी घरी परत आणा. मासा मिळो न मिळो.

इतिहासात राजाने धरलेल्या माशांची नावे राहिली, आमिषाचे कायदे राहिले, नदी ओलांडणाऱ्या सेनापतीचे तर्क राहिले. नाव धुणाऱ्याचे नाव राहिले नाही. राहिला तो फक्त त्याच्या अंगाला चिकटवलेला वास. भोईमामा आता हयात नाहीत. त्या बाजारच्या दिवशी काठावर उभे राहून मी "डबा माझा होता" असे चार माणसांत म्हणायला हवे होते. ते मी म्हटले नाही. आज तीस वर्षांनी या ध्वनिक्षेपकासमोर बसून म्हणतो आहे: त्या नावेतला वास माझा होता.